मान आधी काढावी

पाठच्या भावासारख्या, पण भावापेक्षा दुप्पट हट्टी अशा आमच्या भाऊजींस, थोरल्या वहिनीचे ओंजळभर आशीर्वाद. (ओंजळ माझी आहे, त्यामुळे कमी पडायचे नाहीत.)

आधी तुमच्या गुडघ्याचं सांगा. मागच्या पत्रात तो चढताना कुरकुरतो आणि उतरताना चक्क बोलतो असं लिहिलं होतंत. काय बोलतो ते ऐकून घ्या, घरात तुमच्याशी बोलणारं तेवढंच उरलं असेल. धाकट्या जाऊबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं का? पट्टी काढल्यावर त्यांना एकदम तुमच्याकडे बघू देऊ नका, आधी भिंत, मग कपाट, मग तुम्ही, अशी हळूहळू सवय होऊ द्या. पुतणीची कंबर कशी आहे? दिवसभर संगणकापुढे बसून कंबर धरणारच, तिला म्हणावं दर तासाला उठून कुणाशी तरी भांडून येत जा. जावईबापूंचं पित्त शमलं का? आणि तुमचं ते लंगडं मांजर, जे दूध मिळेपर्यंतच लंगडतं, त्याला माझी आठवण सांगा. आमच्याकडे म्हणाल तर माझे दात उत्तम आहेत (म्हणजे जे आहेत ते). तुमच्या दादांच्या हाताची थरथर आहे तशीच आहे, कमी नाही आणि जास्तही नाही, थरथरीतसुद्धा त्यांचा कारभार टापटिपीचा. मुलगा बोटीवर, सहा महिने पाण्यात, त्यामुळे घरच्या भांडणात त्याचा काडीइतका उपयोग नाही. सूनबाईंचा रक्तदाब वाढलाय, आणि तो मी वाढवलाय यावर घरात एकमत आहे. तेच सांगायला हे पत्र.

मी पाठवलेल्या चित्राला तुमचं उत्तर आलं. तुम्ही लिहिलंत, जिराफाचं चित्र मिळालं, तीनदा पाहिलं, अर्थ कळला नाही, तरी खुलासा करावा. भाऊजी, हेच वाक्य, जवळजवळ अक्षराला अक्षर, दाखल्यांच्या कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी मला समोर बसवून ऐकवलं. त्यांना जे उत्तर दिलं तेच तुम्हाला देते. खुलासा मिळणार नाही. आज नाही, उद्या नाही, कुणी पाया पडलं तरी नाही. या एका नकारापायी आपल्या पाट्यांच्या कारखान्याचं वर्षभराचं काम टांगणीला लागलंय, आणि माझे कुंचले कपाटात गेलेत. त्या कपाटाची किल्ली सूनबाईंच्या कमरेला आहे. तरीही नाही. आता तुम्ही म्हणाल, म्हातारी चळली. चळायची असते तर लग्नानंतर पहिल्या वर्षीच चळले असते, तेव्हा रोज तुमचं जेवतानाचं व्याख्यान असायचं.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे शेंडा ना बुडखा असं वाटायला नको. (वाटलं तरी चालेल, सगळा मुद्दाच तो आहे.) तुम्हाला आठवतं, मी या घरात आले तेव्हा मला सहीपुरतं लिहिता यायचं. वाचायला शिकले ती पाट्यांवरून. तुमचे दादा अक्षर काढायचे, मी रंगाचा डबा धरायची, आणि ते पुढच्या अक्षराकडे गेले की मागचं मी मनात गिरवायची. 'आत येऊ नये.' 'हात लावू नये.' 'येथे वाहने उभी करू नयेत.' माझी बाराखडीच मनाईपासून सुरू झाली. कित्येक महिने मला वाटायचं, लिहिता येणाऱ्या माणसांना एकमेकांना नको म्हणण्यापलीकडे काही सांगायचंच नसतं. पुढे पुस्तकं हाती आली तेव्हा कळलं की तसं नाही, ती नको म्हणायला जास्त पानं घेतात एवढंच.

तर चार-पाच वर्षांपूर्वी माझी दाढ ठणकली. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या बाहेरच्या खोलीत आम्ही दोघं बसलो होतो. माझा गाल उशीएवढा. खोलीत सगळे आपापला जबडा धरून बसलेले, कुणी कुणाकडे बघेना. समोर जुनी मासिकं पडली होती, त्यातलं एक मी उघडलं. पानभर काय काय बातम्या, आणि खाली कोपऱ्यात एक चौकोन. त्यात न्हाणीघरातला टब, टबात मिशाळ सील (समुद्रातला तो गुळगुळीत प्राणी) बसलेला, आणि तो चष्मा लावून वर्तमानपत्र वाचतोय. खाली ओळ नाही, काही नाही. भाऊजी, मला जे हसू फुटलं ते त्या सुजलेल्या गालात मावेना. दुखत होतं म्हणून हसू आवरत होते आणि आवरत होते म्हणून जास्त येत होतं. शेजारचे गृहस्थ घाबरून खुर्ची बदलून बसले. तुमचे दादा म्हणाले, "काय झालं?"

"सील आहे."

"मग?"

"टबात आहे."

"मग?"

"अहो, पेपर वाचतोय!"

त्यांनी मासिक हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं, आणि गंभीरपणे म्हणाले, "पेपर भिजेल."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घराचे दोन भाग पडले. मी एकीकडे आणि 'मग?' म्हणणारे दुसरीकडे. दाढ काढली त्याचं मला काही कळलं नाही, मी आत खुर्चीवर आ वासून सीलचाच विचार करत होते. पुढे जिथे जुनं मासिक दिसेल तिथे मी तो चौकोन शोधायला लागले. केशकर्तनालयातून मुलाच्या मागे लागून मासिकं मागवली, रद्दीवाल्याशी मैत्री केली. काही चौकोन फुसके निघत, काही कळत नसत, आणि दहातला एखादा असा लागे की दोन दिवस भांडी घासताना आठवून हसू येई. एकदा नातवाला मी सील दाखवला. त्यानं बघितला आणि खेळायला गेला. मी म्हटलं, हसला का नाहीस? तर म्हणाला, "आजी, त्यात काय? त्याला आंघोळ करायचीये." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लहान पोरांना याचं नवलच नाही, त्यांच्या जगात सील रोज आंघोळ करतो. हे चौकोन आपल्यासारख्या मोठ्यांसाठीच असतात. मोठ्या माणसाला सकाळपासून कारणं द्यावी लागतात हो. उशीर का झाला, डाळ का करपली, पाटी वाकडी का, दाखला कशासाठी हवा. एखाद्या गोष्टीला कारण नाही म्हटलं की लोक पोलीस बोलावतील अशा नजरेनं बघतात. त्या चौकोनात मात्र सील टबात कसा आला हे विचारायचं नाही, आणि पेपर वाचून झाल्यावर काय करणार हेही नाही. एकच खिडकी. तिच्यातून दिसेल तेवढंच जग, आणि त्या जगात तुम्हाला कुणी जाब विचारत नाही. आता हे मी तुम्हाला समजावून सांगतेय म्हणजे मीच गुन्हा करतेय. थांबते. हातच्या काकणाला आरसा कशाला.

दुसऱ्यांचे चौकोन बघून बघून माझा हात शिवशिवायला लागला. कारखान्यात पत्र्यांच्या गठ्ठ्यांतले उरलेले पुठ्ठे असतात, त्यांच्या पाठीवर मी काढायला लागले. अक्षर तुमच्या दादांच्या वळणाचं, कारण दुसरं मला येत नाही, त्यामुळे चित्र कितीही येडंगबाळं असलं तरी खालची ओळ सरकारी पाटीसारखी रुबाबदार. 'ओल्या छत्र्या बाहेर ठेवाव्यात. ढगांनी स्वतः बाहेर थांबावे', आणि चित्रात दाराशी एक बिचारा ढग हात जोडून उभा. असलं काहीतरी. तुमचे दादा बघायचे. हसणं दूरच, ते चुका काढायचे. त्यांची एक तक्रार माझ्या पहिल्या पुठ्ठ्याइतकी जुनी आहे, की मी सावली काढत नाही. पायाखाली सावली नसली की वस्तू तरंगते, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणायची, तरंगू दे, तुमचं काय जातंय?  यंत्र आल्यापासून आणि हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी कुंचल्याला हात लावला नव्हता. कारखान्यात येऊन खिडकीपाशी बसत, आणि यंत्रातून पाट्या पडताना बघत राहत. त्यांची ती बघण्याची तऱ्हा मला आवडत नसे. पाहुण्यासारखे बसत हो, आपल्याच दुकानात.

आता तो जिराफ. चित्र तुमच्याकडे आहेच, तरी पुन्हा सांगते. लिफ्टचं दार उघडलंय. आत एक जिराफ, मान तीन ठिकाणी दुमडून कशीबशी मावलेला. शेजारी ब्रीफकेस घेतलेला एक बुटका माणूस, सरळ समोर बघतोय, जसे आपण सगळे लिफ्टमध्ये बघतो. आणि खाली ओळ: 'आपला मजला आला की मान आधी काढावी.' एवढंच. हे मी काढलं आणि वाळायला मागच्या दोरीवर चिमटा लावून टांगलं, असं मला पक्कं आठवतं. सूनबाईंचं म्हणणं, मी ते लाल खिळ्यावर अडकवलं.

लाल खिळा म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसणार, तो सूनबाईंच्या राज्यात आला. आमच्या यंत्रावर जो गडी आहे त्याला आम्ही हंबुवा म्हणतो, कारण काहीही सांगा, तो फक्त 'हं' म्हणतो. पूर्वी तो असा नव्हता. पूर्वी तो पाटीवरचा मजकूर स्वतःच्या अकलेनं सुधारायचा. एकदा दवाखान्याच्या पाटीवर 'शांतता राखा' होतं, त्यात यानं आपुलकीनं 'नाहीतर त्रास होईल' एवढं जोडलं. दवाखान्यात म्हणे रुग्ण धमकी समजून घरी जायला लागले. त्यावर सूनबाईंनी नियम केला की मंजूर झालेला नमुना लाल खिळ्यावर लागेल, आणि खिळ्यावर जे लागेल ते हंबुवानं यंत्रात घालून जसंच्या तसं छापायचं. वाचायचं नाही, विचारायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. नियम चांगलाच आहे. (सूनबाई हुशार आहे हो, कारखाना तिच्यामुळे उभा आहे, हे मी तिच्यासमोर म्हणत नाही एवढंच.) तर त्या दिवशी खिळ्यावर लागायला हवं होतं 'लिफ्टमध्ये गर्दी करू नये', आणि लागला माझा जिराफ. हंबुवा 'हं' म्हणाला आणि यंत्रात घातला. पाट्या निघाल्या, कागदात गुंडाळल्या, कचेरीत गेल्या, आणि तिथल्या सुतारानं मजल्यागणिक एक अशा लिफ्टशेजारी स्क्रू मारून पक्क्या बसवल्या.

आणि भाऊजी, पुष्कळ दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही! पाटी वाचतो कोण? आमचं सगळं घर पाट्यांवर पोसलं गेलं, पण खरं सांगायचं तर पाटी लावणाऱ्याला समाधान आणि भिंतीला भोक, यापलीकडे तिचा उपयोग नाही. मग कुणीतरी वाचली. मग शेजारच्याला दाखवली. आणि हळूहळू त्या कचेरीत लोक मजला आला की लिफ्टमधून आधी मान बाहेर काढायला लागले. पहिल्यांदा थट्टा म्हणून, मग सवय म्हणून. दाखल्यासाठी आलेली, रांगेत उभी राहून आंबलेली मोठमोठी माणसं, कुणी वकील, कुणी आजोबा, मान काढतात, इकडे बघतात, तिकडे बघतात, मग बाहेर येतात. तिथले लिफ्टवाले काका मला नंतर म्हणाले, "बाई, पूर्वी रोज कुणी ना कुणी चहावाल्यावर आदळायचं. आता एक कप फुटत नाही." म्हणजे बघा, बाकीच्या पाट्या खऱ्याखुऱ्या सूचना देतात त्या कुणी पाळत नाही, आणि हिला शेंडा ना बुडखा, तर सगळे पाळतात.

शेवटी बातमी वर पोचली आणि मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. सूनबाई निरोप ऐकून मटकन खाली बसली. त्या कचेरीचं वर्षभराचं काम म्हणजे आमचा निम्मा कारखाना. ती म्हणाली, "आई, दोन ओळी लिहून द्या. चूक झाली, आणि चित्राचा अर्थ असा असा. संपलं."

मी म्हटलं, "चूक झाली हे दहा ओळी लिहून देते. अर्थ नाही."

"पण का?"

"सांगितला की मरतो तो."

"आणि नाही सांगितला तर आपण मरतो, त्याचं काय?"

तिचंही खरं होतं. मला वाईट वाटलं. पण भाऊजी, आयुष्यभर मी दुसऱ्याच्या मनाया रंगवल्या. पहिल्यांदा माझी म्हणून एक पाटी भिंतीवर लागली, जी कुणाला कसली मनाई करत नाही. तिचा गळा मीच दाबायचा? मी नाही म्हटलं. सूनबाईंनी कुंचले उचलले, कपाटात घातले आणि किल्ली फिरवली. (पेन्सिलीला कुलूप लावायचं तिला सुचलं नाही.)

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कचेरीत. तुमचे दादा बोलावल्याशिवाय आले, इस्त्रीचा सदरा घालून. साहेबांच्या खोलीत गेलो. साहेब खुर्चीत बसले होते तोवर ठीक होतं. मग ते आमच्या स्वागताला उठून उभे राहिले, आणि राहतच राहिले. भाऊजी, इतका उंच माणूस मी पाहिलेला नाही. आणि त्यातली निम्मी उंची मानेची! सूनबाईंनी माझा हात असा दाबला की बांगड्या रुतल्या.  मी त्या गृहस्थांना जन्मात पाहिलं नव्हतं हो. पण सगळी कचेरी त्यांच्याच नावानं हसतेय असं त्यांना वाटत होतं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं.

त्यांनी पाटी टेबलावर ठेवली होती. म्हणाले, "मी तीनदा पाहिलं. अर्थ कळला नाही. खुलासा करा. जिराफ म्हणजे अर्जदार का?"

मी म्हटलं, "नाही."

"मान म्हणजे जबाबदारी?"

"नाही हो."

"मग..." त्यांचा आवाज बारीक झाला. "मग जिराफ म्हणजे कोण?"

"जिराफ म्हणजे जिराफ," मी म्हटलं.

साहेबांनी तुमच्या दादांकडे पाहिलं. माणूस कसा बुडताना काठावरच्या शहाण्याकडे बघतो तसं. तुमचे दादा पाटी हातात घेऊन, लांब धरून म्हणाले, "अक्षरं सरळ आहेत. त्या टोकाहून वाचता येतात. पाटीचं काम एवढंच." आणि पाटी खाली ठेवून दिली. ठेवताना जिराफाच्या पायांशी अंगठा मात्र जरा जास्त वेळ फिरवला. मला वाटलं, शाईचा डाग पुसताहेत.

 मला त्या माणसाची दया आली. शाळेपासून त्याला कुणी सुखानं चालू दिलं नसेल. पण अर्थ सांगता येईना, आणि 'तुमच्यावर काढलेलं नाही' असं म्हणावं तर ते त्याहून वाईट. तेव्हा मी त्यांना सीलची गोष्ट सांगितली. दाढेसकट, गालासकट, पेपर भिजेल यासकट. ते ऐकत राहिले, डोळ्याची पापणी हलली नाही. मग मी पिशवीतून आदल्या रात्री पेन्सिलीनं काढलेला पुठ्ठा काढला. त्यात त्यांच्याच कचेरीची खिडकी. एका बाजूला कोंबडी उभी, एका बाजूला अंडं, दोघांच्या हातात अर्ज. खाली ओळ: 'अंडे व कोंबडी यांनी वेगवेगळ्या रांगेत उभे राहावे. आधी कोण, ते साहेब ठरवतील.'

सूनबाईंनी डोळे मिटून घेतले. साहेब बघत होते. बराच वेळ बघत होते. मग त्यांच्या नाकातून एक आवाज आला, चहाच्या किटलीचं झाकण उडतं तसा. मग दुसरा. त्यांनी रुमाल तोंडाला लावला, पण एवढ्या लांबच्या मानेतून हसू वर येताना दिसतंच हो, लपवणार कुठे! खांदे गदगदायला लागले. आणि मधेच थांबून, डोळे पुसत, अगदी काळजीनं म्हणाले, "पण खरंच, आधी कोण?"

मी म्हटलं, "ते तुम्ही ठरवायचंय."

पुन्हा किटली.

पण साहेब ते साहेब. हसू ओसरल्यावर त्यांनी पाठ ताठ केली आणि सामानखात्याच्या कारकुनाला बोलावलं, जिराफाच्या पाट्या उतरवा म्हणाले. कारकून म्हणाला, साहेब, नियमाप्रमाणे पाटी उतरवायची तर ती कशाची मनाई करत होती ते नोंदवून आधी मनाई उठवावी लागते. ही कशाची मनाई करते? साहेब पाटीकडे बघत बसले. सूनबाई बघत बसली. कुणालाच सांगता येईना. म्हणजे मी हट्टानं जे तोंड बंद ठेवलं होतं, त्या बंद तोंडावरच ती पाटी टिकून होती. मी एक शब्द बोलले असते तर दुपारपर्यंत पेचकस फिरला असता. शेवटी असं ठरलं की बाहेरच्या जाणकाराचं लेखी मत मागवायचं. त्यानं स्पष्ट अर्थ सांगितला तर पाट्या उतरणार, आणि कचेरीची जाणूनबुजून टवाळी केली म्हणून आमचं कामही जाणार. जाणकारालाही अर्थ लागला नाही, तर टवाळी सिद्ध होत नाही, पाट्या राहणार, कामही राहणार.

निघताना साहेब आम्हाला सोडायला लिफ्टनं खाली आले. केवढं सौजन्य! तळमजला आला, दार उघडलं, आणि सवयीनं त्यांनी आधी मान बाहेर काढली. चांगली हातभर. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आम्ही तिघं मागून बघतोय. ती मान तशीच बाहेर ठेवून ते म्हणाले, "चहावाला येत असतो हो."

 घरी आल्यावर दारात चपला काढताना सूनबाई एवढंच म्हणाली, "आई, अंड्याला हात नसतात, मग अर्ज धरला कशानं?" मी म्हटलं, बाई गं, हा प्रश्न पडला ना, आता तू आमच्यातली. पण किल्ली अजून तिच्या कमरेलाच आहे, आणि जाणकाराचं मत येईपर्यंत तिथेच राहणार असं तिनं बजावलंय. मीही बजावलंय की मी काढायची थांबणार नाही. पेन्सिल संपली तर कोळसा आहे, कोळसा संपला तर बोट आहे आणि खिडकीवरची धूळ आहे. या वयात नवीन खोड लागली ती काही सोडून देण्यासाठी नव्हे.

असो. जाऊबाईंना नमस्कार, पुतणीला आणि जावईबापूंना आशीर्वाद, मांजराला दूध.

तुमची,
थोरली वहिनी

ता. क. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? साहेबांनी विचारलं, तुमच्या माहितीत कुणी जाणकार आहे का, तेव्हा आम्हा तिघांच्या तोंडून एकदम तुमचंच नाव निघालं. तुम्ही आमचे कोण, हे त्यांनी विचारलं नाही, आणि न विचारलेल्याचा खुलासा करायचा नाही हे माझं ठरलेलंच आहे. तर कचेरीचं पत्र तुम्हाला येईल. भाऊजी, तुम्ही जन्मभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलंत. मुलं पास झाली, मोठी झाली, पण तुमच्या तासाला कुणाला काही कळलं असा ठपका तुमच्यावर कुणी ठेवू शकणार नाही. माझ्या लग्नातलं तुमचं भाषण अजून पाहुणे आठवतात आणि विचारात पडतात. तेच हवंय. भरपूर पानं लिहा. 'अस्तित्व' हा शब्द सढळ हातानं घाला. 'एका अर्थी' म्हणून सुरू केलेलं वाक्य 'दुसऱ्या अर्थी' कधीच येऊ न देता संपवा. घराण्याचं काम आणि माझे कुंचले तुमच्या त्या देणगीवर अवलंबून आहेत. आणि लिहिता लिहिता चुकून खरा अर्थ सापडलाच, तर तो तुमच्यापाशीच ठेवा. मलाही कळवू नका. मला तो अजून सापडलेला नाही, आणि मी शोधतही नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवणार होते, तेवढ्यात कारखान्यात उरलेली एक जिराफाची पाटी उजेडात नीट पाहिली. जिराफाच्या खुरांखाली बारीकशी सावली आहे. मला इतके दिवस वाटत होतं, यंत्राची शाई पसरली असेल. पण शाई पसरली की गोळा होते, हिची कड थरथरलेली आहे. ती पाटी घेऊन मी खिडकीपाशी गेले आणि तुमच्या दादांना विचारलं, ही सावली कुणी काढली?

म्हणाले, "मग? जिराफ तरंगत होता."

"आणि दोरीवरून खिळ्यावर कसा गेला?"

"दोरीवर वारा लागत होता. मान हलत होती."

मी पाटी त्यांच्या शेजारी टेकवून ठेवली. ते बाहेर बघत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतक्या वर्षांत त्या सीलनं एखादं पान तरी उलटलं असेल का गं?"

सूनबाईंना हे सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. कपाट उघडलं की तुमच्या दादांना एक कुंचला वेगळा काढून द्यायचाय, सावल्यांपुरता. तेव्हा उत्तर लवकर धाडा, इकडे एक पत्र आणि कचेरीला एक. तुमचे दादा विचारत नाहीत, पण टपाल यायच्या वेळी दारापाशी खुर्ची टाकून बसतात, आणि सायकलची घंटा वाजली की मान आधी काढतात.